कोणते विषय टाकू?

१ मार्च २०२५ रोजी सीयूईटीचे, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा महाराष्ट्रातली बारावीची मुलं बोर्डाच्या परीक्षेला बसलेली होती. एक पेपर देऊन यायचं, दुसऱ्याची उजळणी करायची आणि मधल्या मोकळ्या दिवशी जाऊन फॉर्म भरायचा, असा तो काळ. मुदत २२ मार्चपर्यंत होती, ती आणखी दोन दिवस वाढली. तालुक्याच्या गावी हे काम घरी होत नाही. एसटी स्टँडजवळच्या नेट कॅफेत नाहीतर महा ई-सेवा केंद्रात होतं. फोटो, सही, आधार, जातीचा दाखला, सगळं अपलोड झालं की विषयांचं पान उघडतं. यादीत ३७ नावं: १३ भाषा, २३ विषय आणि एक जनरल टेस्ट. त्यातून जास्तीत जास्त पाच निवडायचे. मागे रांग लागलेली असते, आणि माऊसवर हात ठेवून बसलेला पोरगा मान न वळवता विचारतो, "ताई, कोणते विषय टाकू?"

त्या खुर्चीत बसून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. ते बहुतांशी दोन वर्षं आधीच, दहावीच्या निकालानंतरच्या प्रवेशाच्या गर्दीत, दिलं गेलेलं असतं. आणि आपण ते दिलं आहे याची मुलांना, आईवडिलांना, पुष्कळदा शिक्षकांनाही कल्पना नसते. प्रवेश परीक्षांवर आपण इतकं बोलतो: पेपरफुटी, क्लासची फी, टक्केवारी, आत्महत्या. विषय निवडण्याबद्दल मात्र फार कमी बोलतो. खरं तर मुलाची वाट वळते ती तिथेच.

'कोणते विषय टाकू' या प्रश्नावर बहुतेक मुलं बारावीला जे घेतलं तेच सांगतात, आणि सुरुवात तिथूनच करायला हवी. कॉमर्सची मुलगी म्हणते: इंग्लिश, अकाउंट्स, इको, ओसी, एसपी. पहिले तीन यादीत लगेच सापडतात. ओसी म्हणजे ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स. ते नाव यादीत नाही, पण 'बिझनेस स्टडीज' आहे आणि दोन्हींचा गाभा पुष्कळसा सारखा आहे. एसपीला, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिसला, मात्र सरळ जोडीदारच नाही. आपल्या बोर्डात कॉमर्सला हा विषय घेणारी मुलं घरोघरी आहेत. कंपनीचे भाग, कर्जरोखे, लाभांश, त्यावरचा पत्रव्यवहार हे सगळं त्यात येतं, आणि ज्यांना गणित नको असतं ती मुलं बहुधा एसपी घेतात. त्यात ९५ गुण मिळाले तरी सीयूईटीच्या फॉर्मवर ते दाखवायला जागा नाही. पाचवा रकाना रिकामा राहतो. मग शेजारचं कुणीतरी सुचवतं की जनरल टेस्ट टाकून दे, सगळेच टाकतात. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी पहिल्या तीन विषयांचे मिळून १,००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक विषयाला ४०० रुपये असा दर होता. त्या एका सल्ल्यापायी ४०० रुपये जातात, आणि पैशांहून मोलाची गोष्ट, मे महिन्यातला आठवडाभराचा अभ्यास, तोही जातो.

घोळाचं मूळ असं की परीक्षा घेणारा एक आणि प्रवेश देणारा दुसरा. परीक्षा एनटीए घेते, ती २०१७ साली स्थापन झालेली राष्ट्रीय परीक्षा संस्था. २०२५ पासून नियम असा झाला की बारावीला कोणतेही विषय असोत, सीयूईटीत कोणताही विषय निवडा. ऐकायला ही मोठी मोकळीक वाटते. सायन्सच्या मुलाला राज्यशास्त्राचा पेपर द्यायचा असेल तर खुशाल द्यावा. पण तो पेपर प्रवेशासाठी धरायचा की नाही, हे ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं. दिल्ली विद्यापीठाने पहिल्या वर्षापासून धरलेला नियम असा की बारावीला जे विषय शिकलात त्यांचेच पेपर द्या, आणि तुमचा विषय यादीत नसेल तर त्याला सर्वांत जवळचा असेल तो द्या. म्हणजे मार्चमध्ये फॉर्म 'हो' म्हणतो आणि जूनच्या पुढे विद्यापीठ 'नाही' म्हणतं. तोवर पैसे भरलेले असतात, पेपर झालेला असतो, कदाचित गुणही चांगले पडलेले असतात. अशा वेळी दाद कुणाकडे मागायची? दोन्ही संस्थांनी आपापला नियम आधीच छापलेला असतो. ते दोन नियम शेजारी ठेवून वाचण्याचं काम सतरा वर्षांच्या मुलावर सोडलेलं आहे, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

दिल्ली विद्यापीठाचंच उदाहरण पुढे नेतो, कारण सीयूईटी देणाऱ्या मराठी मुलांच्या तोंडी पहिलं नाव त्याचंच असतं. पदवीच्या सुमारे ७१ हजार जागा आणि प्रत्येक अभ्यासक्रमाला लागणाऱ्या पेपरांचा ठरलेला संच. बी.कॉम. ऑनर्सला एक भाषा, त्यानंतर गणित किंवा अकाउंटन्सी यांपैकी एक, आणि यादीतले आणखी दोन विषय. अर्थशास्त्र ऑनर्सला एक भाषा, गणित आणि आणखी दोन. इथे गणिताला पर्याय नाही. मॅनेजमेंटच्या बी.एम.एस.ला फक्त तीन पेपर: भाषा, गणित, जनरल टेस्ट. भौतिकशास्त्र ऑनर्सला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित यांचे गुण धरतात. भाषेचा पेपरही द्यावा लागतो, पण गुणवत्ता यादीत त्याचे गुण मिळवत नाहीत. इंग्रजी ऑनर्सला भाषा म्हणून इंग्रजीच हवी.

आता ती एसपीवाली मुलगी पुन्हा आठवा. अकाउंट्स आहे, त्यामुळे बी.कॉम. ऑनर्सची वाट तिला मोकळी आहे. पण तिचा आवडीचा विषय अर्थशास्त्र असेल, बारावीला त्यात ती कॉलेजात पहिली आली असेल, तरी दिल्लीत अर्थशास्त्र ऑनर्सला तिला अर्ज करता येत नाही. अर्थशास्त्राचा पेपर कितीही चांगला गेला तरी फरक पडत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी अकरावीच्या काउंटरवर 'मॅथ्स की एसपी' असं विचारलं गेलं आणि तिने एसपी सांगितलं. सायन्स, कॉमर्स की आर्ट्स हे आपण मोठ्या चर्चेने ठरवतो. मॅथ्स की एसपी हे मिनिटभरात ठरतं, आणि परिणामाने ते तितकंच मोठं आहे.

ज्यांनी गणित ठेवलं त्यांच्यासाठी एक बारकावा. आपल्या बोर्डात कॉमर्सचं गणित वेगळं आणि सायन्स-आर्ट्सचं वेगळं. सीयूईटीत गणिताचा पेपर एकच. त्यातला पहिला भाग सगळ्यांना सारखा आणि पुढचा भाग गणित किंवा उपयोजित गणित, यांतला एक सोडवायचा. कॉमर्सच्या मुलाने उपयोजित गणिताचा भाग घ्यावा, तो त्याच्या पुस्तकाच्या जवळचा आहे. तयारी करताना दोन्हींचे प्रश्न मिसळून सोडवत बसलं की महिना वाया जातो.

विषयाचं नाव जुळलं म्हणजे अभ्यासक्रम जुळला असंही नाही. याचं सर्वांत ठळक उदाहरण इतिहास. सीयूईटीचे विषयवार पेपर एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर बेतलेले असतात. बालभारतीचं बारावीचं इतिहासाचं पुस्तक युरोपातल्या प्रबोधनापासून सुरू होतं. पुढे वसाहतवाद, वसाहतवाद आणि मराठे, सामाजिक व धार्मिक सुधारणा, स्वातंत्र्यलढा, महायुद्धं, शीतयुद्ध, आणि शेवटी बदलता भारत. एनसीईआरटीचं पुस्तक हडप्पाच्या विटांपासून सुरू होतं. त्यानंतर मौर्यकाळ, महाभारताच्या आधाराने केलेला नातेसंबंध आणि जातिव्यवस्थेचा विचार, सांचीचा स्तूप, अल बिरुनी आणि इब्न बतूता यांची प्रवासवर्णनं, भक्ती आणि सूफी परंपरा, विजयनगर, मुघलकाळातले शेतकरी. वसाहतकाळ यायला अर्धं पुस्तक उलटावं लागतं. इतिहासात शंभरपैकी नव्वद मिळवणारं आपल्या बोर्डाचं मूल त्या पेपरात हडप्पाच्या मुद्रांवरचा प्रश्न पाहून थबकतं, यात त्याचा काहीच दोष नाही.

त्या पुस्तकातल्या दोन जागा मला विशेष बोचतात. महाभारताच्या प्रकरणाची सुरुवात होते चिकित्सक आवृत्तीच्या कामापासून. हे काम १९१९ साली पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत सुरू झालं, वि. स. सुकथनकरांनी त्याला शिस्त घालून दिली, आणि ते तडीला जायला १९६६ साल उजाडलं. दुसरी जागा वसाहतकाळातल्या खेड्यांच्या प्रकरणात आहे: १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांना घेरलं आणि वह्या, खतं हिसकावून जाळली, तो दख्खनच्या दंग्यांचा प्रसंग. दिल्लीतल्या, पाटण्यातल्या मुलांना सुप्याचा उठाव नेमलेल्या पुस्तकात तपशिलाने वाचायला मिळतो. बारामतीजवळच्या त्या सुप्यातल्या मुलीला सीयूईटीसाठी इतिहास घ्यायचा असेल तर हे सगळं वेगळं पुस्तक आणून, बोर्डाचा अभ्यास सांभाळून, पहिल्यापासून वाचावं लागतं. ते वाचण्यासारखं आहे, आणि मी तर म्हणेन की आवडही लागेल. पण त्याला चार-पाच महिने लागतात, आणि ते मार्चमध्ये कळून उपयोग नाही.

एवढी गुंतागुंत आली कशी, हे समजून घेतलं पाहिजे. २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या काही नामवंत कॉलेजांनी पहिल्याच यादीत १०० टक्क्यांचा कटऑफ लावला. एखाद्या बोर्डाचे गुण सढळ, दुसऱ्याचे हात आखडून दिलेले. अशा गुणांवर एका रांगेत मुलं उभी करणं अवघड झालं होतं. मार्च २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष एम. जगदीश कुमार यांनी केंद्रीय विद्यापीठांसाठी सामाईक परीक्षा जाहीर केली. पहिल्या वर्षी जवळपास १५ लाख मुलांनी नोंदणी केली. विषय नऊपर्यंत घेता येत होते, आणि मुलांनी निवडलेल्या विषयांचे ५४ हजारांहून अधिक वेगवेगळे संच तयार झाले. इतक्या संचांचं वेळापत्रक बसवताना व्यवस्थेची दमछाक झाली. ४ ऑगस्ट २०२२ रोजी दुसऱ्या सत्रातला पेपर देशभरातल्या सगळ्या केंद्रांवर रद्द करावा लागला, आणि निकाल लागायला सप्टेंबरचा मध्य उजाडला. पुढच्या वर्षी मर्यादा दहावर गेली, २०२४ मध्ये सहावर आली, २०२५ मध्ये पाचवर. त्याच वेळी एंटरप्रेनरशिप, लीगल स्टडीज, टूरिझम, फॅशन स्टडीज असे सहा विषय यादीतून गेले आणि ज्यांचा विषय गेला त्यांच्यासाठी जनरल टेस्टचे गुण धरायचं ठरलं. पेपर ६० मिनिटांचा, ५० प्रश्न, सगळे अनिवार्य. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकीला एक वजा.

सगळे प्रश्न अनिवार्य केल्याचा चटका लगेच बसला, तोही अकाउंटन्सीलाच. अभ्यासक्रमात ज्या ठिकाणी दोन घटकांपैकी एक घ्यायची मुभा होती, तिथले प्रश्न पेपरात सक्तीचे आले. संगणकीय लेखांकन कधी न शिकलेली मुलं त्या प्रश्नांपुढे अडली. शेवटी १३ ते १६ मे या दिवसांत अकाउंटन्सी दिलेल्यांना पेपर पुन्हा देण्याची मुभा मिळाली.

योगायोग असा की आपण ही परीक्षा सुरू केली त्याच सुमारास अमेरिकेने तिच्या जातकुळीची परीक्षा बंद केली. तिथे कॉलेज बोर्ड ही संस्था सॅट सब्जेक्ट टेस्ट घेत असे: २० विषय, प्रत्येकी तासाभराचा पेपर, २०० ते ८०० गुण. न्यू जर्सीतल्या, बे एरियातल्या मराठी घरांतही मॅथ लेव्हल टू घ्यायचं की बायॉलॉजी, यावर जेवणाच्या टेबलाशी चर्चा होत. जानेवारी २०२१ मध्ये कॉलेज बोर्डाने या चाचण्या थांबवत असल्याचं जाहीर केलं, कारण कॉलेजं त्या पाहिनाशी झाली होती आणि मुलांवर एक जास्तीचं ओझं तेवढं उरलं होतं. आपल्याकडे मात्र गुणपत्रिकेवरचा विश्वास उडाला, म्हणून विषयांच्या चाचण्या आल्या. बोर्डा-बोर्डांतला फरक मिटवण्याची गरज खरी होती, हे मला मान्य आहे. मात्र ती भागवताना निवडीचा भार मुलावर टाकला, आणि निवडीसाठी लागणारी माहिती त्याच्यापर्यंत पोचवायची जबाबदारी कुणीच घेतली नाही.

महाराष्ट्रात केंद्रीय विद्यापीठ एकच, वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय. गोव्यात एकही नाही. मुंबई, पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला अजूनही बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. त्यामुळे सीयूईटी हा विषय आपल्याकडे मुख्यतः राज्याबाहेर जाऊ पाहणाऱ्यांचा. राज्यातल्या राज्यात निवडीचा प्रश्न येतो तो सायन्सच्या मुलांपुढे: राज्याची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी पीसीएमची द्यायची, पीसीबीची द्यायची, की दोन्ही?

या परीक्षेची गुणरचना पालकांनी एकदा नीट पाहावी. पीसीएममध्ये फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. पीसीबीमध्ये गणिताच्या जागी बायॉलॉजीचे १०० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. दोन्हींत एकूण २०० गुण, आणि त्यांतले निम्मे एकट्या गणिताचे किंवा एकट्या बायॉलॉजीचे. वजा गुण नाहीत. सुमारे ८० टक्के भर बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर. म्हणजे ग्रुप निवडताना आपण खरं तर निम्मे गुण कोणत्या विषयावर लावायचे ते ठरवतो. गणितात बरा, बायॉलॉजीत उत्तम असलेला मुलगा 'सेफ्टी' म्हणून दोन्ही ग्रुप भरतो, तेव्हा तो दोन अर्धे डाव खेळत असतो. बी.फार्म. आणि कृषी पदवी या दोन्हींना पीसीएमही चालतं, पीसीबीही. इंजिनीअरिंगला गणित लागतंच. एमबीबीएस, बीडीएससाठी नीट आहे, तिथे एमएचटी-सीईटीचा संबंध येत नाही. हे डोळ्यांसमोर ठेवलं तर दोन्ही ग्रुपची खरी गरज फार थोड्या मुलांना असते: ज्यांना इंजिनीअरिंग खरोखर हवं आहे आणि नीटसाठी बायॉलॉजी अशीही पक्की झालेली आहे, त्यांना.

बाकीच्यांनी २०२५ चं कॅलेंडर आठवावं. जेईई मेनचं दुसरं सत्र २ ते ९ एप्रिल. पीसीबीची सीईटी ९ ते १७ एप्रिल. पीसीएमची १९ ते २७ एप्रिल. नीट ४ मे. सीयूईटी १३ मेपासून ४ जूनपर्यंत. मध्ये १८ मे रोजी जेईई ॲडव्हान्स्ड. त्यातही पीसीएमच्या २७ एप्रिलच्या सत्रात इंग्रजी माध्यमाच्या गणिताच्या पेपरात २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका निघाल्या, आणि सुमारे २७ हजार ८०० मुलांची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा घ्यावी लागली. नीटच्या दुसऱ्याच दिवशी. ज्यांनी 'असू दे, देऊन टाकू' म्हणत सगळ्या परीक्षा भरल्या होत्या, त्यांचा तो महिना कसा गेला असेल ते कुणी वेगळं सांगायला नको. २०२६ पासून राज्याची सीईटी वर्षातून दोनदा घेण्याचं जाहीर झालं आहे. एक दिवस बिघडला म्हणून वर्ष बिघडू नये, यासाठी हा निर्णय चांगलाच आहे. पण संधी दोन झाल्या की भरायचे फॉर्मही वाढतात, आणि निवड करायला शिकवलं नाही तर मुलं चारही वेळा बसतील.

बीबीए, बीसीए, बीएमएसची सीईटी हे वेगळंच प्रकरण, ते थोडक्यात. २०२४ मध्ये हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी पहिल्यांदा सीईटी झाली. जागा एक लाखाहून अधिक, पहिल्या परीक्षेला बसलेली मुलं पन्नास हजारांच्या आत. ऑगस्टमध्ये दुसरी सीईटी घ्यावी लागली. जी मुलं बसली नाहीत त्यातल्या बऱ्याच जणांना अशी परीक्षा आहे हेच वेळेत कळलं नव्हतं, असं मला वाटतं. इतका मोठा फरक आळसाने पडत नाही.

एका पेपराबद्दल मला आवर्जून सांगायचं आहे, तो म्हणजे मराठीचा. सीयूईटीच्या तेरा भाषांत मराठी आहे. दिल्ली विद्यापीठात बी.कॉम. किंवा अर्थशास्त्र ऑनर्सला लागणारी 'एक भाषा' या तेरांतली कोणतीही चालते. भाषेच्या पेपरात उतारे असतात, माहितीपर, ललित, कथनात्मक, आणि त्यांवरचे प्रश्न, शिवाय शब्दसंग्रह. ज्या मुलाने बारावीपर्यंत मराठी वाचली, लिहिली, घरात बोलली, त्याला साठ मिनिटांत पन्नास प्रश्न मराठीत सोडवणं इंग्रजीपेक्षा कितीतरी सोपं जाईल. तरीही मुलं डोळे झाकून इंग्रजी टाकतात, कारण दिल्लीला मराठी कशी चालेल, असं मनात बसलेलं असतं. ती चालते. इंग्रजी ऑनर्ससारखा अभ्यासक्रम हवा असेल तर इंग्रजी घ्यावीच लागेल. नसेल तर आपल्या भाषेचे गुण सोडून देण्याचं काही कारण नाही.

पण इथेही गाठ पुन्हा अकरावीशीच पडते. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत दुसरी भाषा सोडून आयटी घेण्याची पद्धत आता सर्रास आहे. आयटीला गुण भरभरून मिळतात, मराठीत निबंध लिहावा लागतो. मुलं आयटी घेतात. बायफोकलवाली, म्हणजे शाखेच्या जोडीने व्यावसायिक विषय घेणारी, मुलं कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतात आणि त्यांची दुसरी भाषा आणि आणखी एक विषय, बहुधा बायॉलॉजी, एकदमच सुटतो. बारावीला मराठी शिकलेलीच नाही, मग 'जे शिकलात त्याचाच पेपर द्या' म्हणणाऱ्या विद्यापीठापुढे मराठीचा पेपर ठेवताना प्रश्न उभा राहतो. गुणांसाठी केलेली सोय पुढे एक वाट बुजवते. बायॉलॉजीच्या बाबतीत निदान एक खिडकी उघडली आहे: नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, बारावीनंतर जादा विषय म्हणून बायॉलॉजी केलेल्यांनाही नीट देता येईल, असं स्पष्ट केलं. बाकी बहुतेक ठिकाणी मागे फिरायचं म्हटलं की वर्ष जातं.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. कॉलेज आणि शाखा पोर्टलवर ठरते. विषयांचा तपशील मात्र प्रवेश निश्चित करायला गेल्यावर, कॉलेजच्या काउंटरवर ठरतो. तिथे काय दिसतं? फी भरायची घाई, झेरॉक्सच्या प्रती, खिडकीपलीकडचा लिपिक दिवसभरात शंभर मुलांना तोच प्रश्न विचारून थकलेला. तो विचारतो: मॅथ्स की एसपी? बायो ठेवणार का? हिंदी, मराठी की आयटी? मूल वडिलांकडे पाहतं, वडील मुलाकडे पाहतात, आणि कुणीतरी सांगितलेलं उत्तर देऊन दोघं पुढे सरकतात. या उत्तरावर पुढची किती दारं अवलंबून आहेत, हे सांगणारा एकही कागद त्या भिंतीवर नसतो. प्रवेशाची रक्कम आणि बँकेचा खाते क्रमांक मात्र मोठ्या अक्षरांत असतो.

मग फॉर्मसमोर बसलेल्या मुलाने करावं काय? माझं मत स्पष्ट आहे: उलट्या बाजूने निघावं. आधी हवे असलेले दोन-तीन अभ्यासक्रम आणि विद्यापीठं ठरवावीत. मग प्रत्येकाची त्या वर्षीची प्रवेश-पुस्तिका उघडून लागणारे पेपर एका कागदावर उतरवावेत. मग आपल्या बारावीच्या विषयांशी ते ताडून पाहावेत. सगळ्यांत जे सामाईक निघेल तेच भरावं. दिल्लीच्या बहुतेक ऑनर्स अभ्यासक्रमांना चार पेपर पुरतात. पाचवा तेव्हाच भरावा, जेव्हा त्याच्यामुळे एखादा नवा, खरोखर हवासा अभ्यासक्रम खुला होतो. भौतिकशास्त्र ऑनर्सची इच्छा असलेल्या मुलाला जनरल टेस्टचा तिथे काहीही उपयोग नाही. बीएमएसच्या मुलाला ती नसेल तर अर्जच अपुरा. 'स्कोअरिंग' विषयांच्या यादीमागे धावू नये. वेगवेगळ्या सत्रांत झालेल्या एकाच विषयाच्या गुणांची बरोबरी केली जाते. एका विषयाची दुसऱ्या विषयाशी नाही. त्यामुळे यंदा कोणत्या विषयाला गुण जास्त पडतील, हे आधी कुणालाच कळत नाही, आणि कळतं असं सांगणारा आपल्याला काहीतरी विकत असतो.

गुणांची एवढी बेरीज-वजाबाकी करून झाल्यावर एक जुना प्रश्न उरतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: पुढची तीन-चार वर्षं रोज उठून कोणता विषय वाचायला आवडेल? तो विषय पाचांत नसेल तर निवड चुकली. प्रवेश मिळाला तरी चुकली.

शेवटी कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि शिक्षकांना एक विनंती. यंदा अकरावीचे प्रवेश सुरू होण्याआधी एक तक्ता करा. आपल्या कॉलेजात मिळणारा प्रत्येक विषय, तो घेतला तर पुढे कोणकोणत्या परीक्षा देता येतात, आणि सोडला तर काय काय बंद होतं. मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रवेशाच्या खिडकीच्या शेजारी लावा, आणि खिडकीतल्या माणसाला तो एकदा समजावून सांगा. सीयूईटी, एमएचटी-सीईटी, नीट, जेईई या चारही परीक्षांच्या माहिती-पुस्तिका मोफत मिळतात. दोन शिक्षकांनी चार संध्याकाळी बसून केलं तर हे काम होतं. आणि यंदा ज्यांच्या घरात दहावीचा निकाल लागणार आहे त्यांनी प्रवेशाच्या दिवशी खिडकीशी असा तक्ता दिसला नाही, तर तो मागावा.